ब्राँझच्या मुलीचा कापडी घागरा (देगाची 'चौदा वर्षांची नर्तिका')

रानजाई

मंडळी, गेल्या शनिवारी आईला घेऊन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेले होते. आई सांगलीहून आलीय, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे 'बाक दिसला की बसायचं' या एकाच नियमावर आमचा दौरा चालला होता. असंच एका दालनात बसलो आणि समोर नेमकी ही मुलगी.

उंची साधारण मीटरभर. काळपट तपकिरी ब्राँझ. उजवा पाय पुढे, पाऊल पार बाहेर वळवलेलं. दोन्ही हात पाठीमागे ताणून बोटं एकमेकांत गुंफलेली, हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. आणि एवढ्या सगळ्या धातूवर कमरेला खराखुरा जाळीच्या कापडाचा घागरा, वेणीला खरी रिबीन! पाटीवर नाव फ्रेंच चित्रकार एदगार देगा याचं. (डेगास म्हणू नका, मी पंधरा वर्षं म्हणत होते.)

आईने जन्मभर घरी शिवणकाम केलंय. मोने आणि मंडळींच्या चित्रांसमोरून ती "छान आहे, छान आहे" करत पुढे सरकत होती. इथे मात्र उठली, जवळ गेली, रखवालदार बघायला लागेपर्यंत वाकली आणि म्हणाली, "ही जाळी शंभर वर्षं टिकली होय? आपल्या ट्रंकेतली पाच वर्षांत पिवळी पडून हातात येते." मग बराच वेळ तोंडाकडे बघून म्हणाली, "उद्धट नाही गं ही पोर. दमलीय."

उद्धट हा शब्द कुठून आला कोण जाणे, मी तर तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

तर जाणकारांनो, हा कपडा मूळचा आहे का? धातूच्या पुतळ्याला कापड नेसवायची कल्पना देगाचीच, की नंतरच्या कुणाची? आणि ही मुलगी कोण?

सतरंजी

वाचतोय. आईंना नमस्कार सांगा.

पोटोमॅक_काठी

रानजाई, आई अगदी नेमक्या जागी वाकल्या. जाळी शंभर वर्षांची नाही. ब्राँझच्या प्रती ज्या ज्या संग्रहालयांत आहेत तिथे घागरे वेळोवेळी बदलले गेलेत. म्हणून एका ठिकाणी तो मांडीपर्यंत आखूड, दुसरीकडे गुडघ्याच्या खाली, कुठे पांढरट तर कुठे चहात बुडवल्यासारखा. फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, चार वेगळ्या मुली वाटतात.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तुम्ही पाहिलेलं ब्राँझ देगाने ओतलेलंच नाही. त्याने केली ती मेणाची मुलगी, १८७८ ते १८८१ या काळात. ती आता आमच्याकडे वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, पॉल मेलन या संग्राहकाकडून आलेली. उंची ९८.९ सेंटिमीटर. मधमाशीचं मेण रंगवून वापरलंय, आत माती आणि तारेचा सांगाडा. पोलकं सुती कापडाचं, पायातल्या चपला तागाच्या, घागरा सुती-रेशमी, केस माणसाचे, वेणीला रिबीन. पोलकं आणि चपला यांवरही मेणाचा हात फिरवलाय, त्यामुळे कापड कुठे संपतं आणि अंग कुठे सुरू होतं ते चटकन कळत नाही. घागरा तेवढा मोकळा सोडलाय.

आणि क्ष-किरणांनी आत डोकावलं तेव्हा सांगाड्यात काय निघालं असेल? दोर, आणि चक्क रंगकामाचे ब्रश! हाताशी लागेल ते कोंबलंय गड्याने.

शेवग्याची_शेंग

ब्रश! आमच्याकडे गौरी उभ्या करताना आत स्टुलं, डबे, जुनी चादर काय काय जातं ते आठवलं.

खरं तर आपल्याला यात नवल वाटायला नको. पितळी मुखवटा, खरी साडी, खरे दागिने, वर गंगावन. ज्येष्ठा गौरी म्हणजे हेच की. विठोबाचा तर रोजचा पोशाख. धातू-दगडाला कापड नेसवणं आपल्याला दुसरीतल्या पोरालाही माहीत असतं. पॅरिसवाल्यांना धक्का बसला होता का?

पोटोमॅक_काठी

बसला म्हणजे काय! मोने, देगा वगैरे चित्रकारांचा गट म्हणजे इम्प्रेशनिस्ट. त्यांच्या १८८० च्या प्रदर्शनाच्या यादीत तिचं नाव छापलं होतं, पण ती आलीच नाही. १८८१ च्या सहाव्या प्रदर्शनात आधी नुसती काचेची पेटी आली. लोक रिकाम्या पेटीभोवती फिरून गेले. पंधरवडाभराने आत मुलगी आली आणि मग समीक्षक तुटून पडले.

त्या काळी शिल्प म्हणजे पांढरा संगमरवर किंवा ब्राँझ, आणि विषय देवी, अप्सरा, नाहीतर राणी. मेणाच्या रंगीत बाहुल्या, खरे केस, खरे कपडे हे सगळं जत्रेतल्या मेणाच्या पुतळ्यांचं किंवा वैद्यकीय संग्रहालयातल्या नमुन्यांचं. ते कलेच्या दालनात, वर काचेच्या पेटीत, म्हणजे जणू किडा टाचून ठेवलाय! पोल मांत्झ नावाच्या समीक्षकाला तिच्या चेहऱ्यात निर्लज्जपणा आणि दुर्गुणांची लक्षणं दिसली. लेखक-समीक्षक ह्युइसमान्सने मात्र उलट बाजू घेतली. त्याच्या मते आधुनिक म्हणावा असा शिल्पातला खरा प्रयत्न हा एकच.

तेव्हा रानजाई, तुमच्या आईंनी 'उद्धट नाही' म्हटलं ते पॅरिसच्या पेपरवाल्यांना दिलेलं उत्तर आहे. एकशेचाळीस वर्षं उशिरा, पण दिलं.

रानजाई

अंगावर काटा आला. आईला वाचून दाखवलं. तिची प्रतिक्रिया: "पेपरवाल्यांना काय कळतंय." आणि लगेच, "मुलीचं नाव काय होतं ते विचार."

जेजेचा_जुना

मारी व्हान गोएटेम. जन्म जून १८६५, पॅरिसमध्ये. आईवडील बेल्जियमचे. वडील शिंपी (रानजाईताई, आईंना हे सांगाच), आई धोबीण. तीन बहिणी, आणि तिघींनाही पॅरिसच्या ऑपेरा नाट्यगृहाच्या नृत्यशाळेत घातलेलं. देगाच्या एका रेखाचित्रावर मारीचं नाव आणि तिचा रू द दुए या रस्त्यावरचा पत्ता लिहिलेला आहे. स्टुडिओपासून घर जवळच.

अशा पोरींना तिथे 'ऑपेराचे उंदीर' म्हणत. नाव लाडाचं वाटतं, जगणं लाडाचं नव्हतं. घरात पैसा नाही म्हणून पोर नाचायला, आणि ऑपेराच्या मागच्या दालनात वर्षाची वर्गणी भरलेल्या श्रीमंत पुरुषांना मुक्त प्रवेश. देगाच्या बॅलेच्या चित्रांत कोपऱ्यात काळा कोट आणि उंच टोपी घातलेला एखादा गृहस्थ उभा असतो, तो हाच. कॅलेंडरवर ती चित्रं गोड दिसतात, कारण कॅलेंडरवाले बऱ्याचदा तो कोपरा कापतात.

१८८२ मध्ये सरावाला गैरहजर राहते म्हणून मारीला ऑपेरातून काढलं. त्यानंतर तिचा माग लागत नाही. धाकटी बहीण लुईझ-जोझेफीन मात्र टिकली, नर्तकी झाली आणि पुढे तिथेच शिक्षिका.

तिरकस

छान. मुलगी सतराव्या वर्षी रस्त्यावर, आणि तिच्या ब्राँझचा २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात भाव ४ कोटी १६ लाख डॉलर. त्याआधी २०१५ मध्ये लंडनला १ कोटी ५८ लाख पौंड. चालू द्या कौतुक.

आणि मुळात ब्राँझ देगाचं नाहीच म्हणता, मग आपण सगळे झेरॉक्स बघून डोळे पुसतोय का? चौदा वर्षांच्या पोरीकडे टक लावून बघणाऱ्या म्हाताऱ्यांची कला ती. (देगा तेव्हा पंचेचाळिशीचा, म्हणजे म्हातारा नव्हे. मुद्दा कळला असेल.)

ओतारीबुवा

तिरकसराव, बाकी मुद्द्यांवर तुमचं तुम्ही बघा, पण झेरॉक्स हा शब्द मागे घ्या. मी कोल्हापूरजवळ ओतकामाच्या भट्टीवर तीस वर्षं काढलीत. मेणाचं ब्राँझ करणं म्हणजे काय ते जरा सांगतो. लांबण लागेल, आधीच माफी.

मूळ मूर्ती मातीची किंवा मेणाची. तिच्यावर साचा घ्यायचा. आम्ही आता सिलिकॉन रबर वापरतो, देगाची ब्राँझ ज्याने ओतली त्या पॅरिसच्या एब्रारच्या भट्टीत त्या काळी सरसाचा, म्हणजे जिलेटिनचा साचा होता. फायदा तोच, मऊ असतो, सोलून निघतो, मूळ वस्तू शाबूत राहते. त्या साच्यात आतून मेणाचा थर द्यायचा, चार-पाच मिलिमीटर. आत गाभा भरायचा. मग या मेणाच्या पोकळ मूर्तीला मेणाच्याच नळ्या लावायच्या, धातू आत यायला रनर आणि हवा बाहेर जायला रायझर. बाळंतिणीला सलाइन लावल्यासारखी दिसते. वरून प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचं जाड कवच. भट्टीत दोनतीन दिवस भाजायचं. मेण वितळून वाहून जातं, राहते पोकळी. त्या पोकळीत अकराशे-बाराशे डिग्रीचा रस ओतायचा. आमचा मेळ ८५-५-५-५. तांबं पंच्याऐंशी, कथील, जस्त, शिसं पाच-पाच.

ओतताना कुणी बोलत नाही. मूस कलली की रसाचा रंग बघायचा आणि रायझरमधून धातू वर येईपर्यंत श्वास धरायचा. मी एकदा एका गावच्या नगरपालिकेसाठी ओतकाम करत होतो. रायझर एक कमी लावला. कवच फोडलं तर पुढाऱ्यांच्या नाकाचं टोक भरलंच नव्हतं! हवा अडकली होती. उद्घाटनाची पत्रिका छापून झालेली. नाक वेगळं ओतून वेल्ड केलं, घासलं, रसायन मारून रंग जुळवला. आजही जाता-येता मी आधी नाकाकडे बघतो.

तर झेरॉक्स असं पडत नाही. प्रत्येक प्रत पुन्हा जन्मते. आणि गंमत म्हणजे ही रीत आपल्यालाच जुनी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात बाराव्या शतकात मेण गाळून मूर्ती ओतायची कृती दिली आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून उरलेलं ते, मेण. देगाच्या पोरीच्या अंगावर तेच.

तिरकस

झेरॉक्स मागे. नाकाची गोष्ट फार आवडली.

शेवग्याची_शेंग

ओतारीबुवा, नाक कुणाचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ओतारीबुवा

नाही करणार.

पोटोमॅक_काठी

बुवा, सलाम. देगाच्या बाजूचा हिशेब जोडतो. १९१७ मध्ये तो गेला तेव्हा स्टुडिओत मेणाच्या, मातीच्या दीडशेच्या आसपास आकृत्या सापडल्या. घोडे, नर्तिका, न्हाणाऱ्या बायका. कित्येक मोडलेल्या, धुळीत पडलेल्या. सत्तरच्या वर वाचवण्याजोग्या निघाल्या. हयातीत जनतेपुढे ठेवलेली एकच, ही मुलगी. आणि हयातीत त्याने यातलं काहीही ब्राँझमध्ये ओतून घेतलं नाही.

वारसांनी काम एब्रारला दिलं. देगाचा शिल्पकार मित्र बार्तोलोमे याने आकृत्या ओतकामाला तयार करायला मदत केली. प्रत्यक्ष ओतणारा पालाझोलो नावाचा इटालियन कारागीर. लहान आकृत्यांच्या प्रत्येकी बावीस ब्राँझ प्रती ठरल्या. ए ते टी अक्षरांच्या वीस विक्रीला, एक एब्रारची, एक वारसांची. मारी आकाराने मोठी, तिचा हिशेब वेगळा, ती १९२० च्या दशकात ओतली गेली. आज तिच्या तिसाच्या आतबाहेर प्रती जगभर आहेत. पॅरिसचं ओर्से, लंडनचं टेट, कोपनहेगनचं ग्लिप्टोटेक, ब्राझीलमध्ये साओ पाउलो. मेट्रोपॉलिटनमधली, म्हणजे रानजाईंनी पाहिलेली, अमेरिकन संग्राहक हॅवमायर बाईंच्या संग्रहातून १९२९ ला आली. या बाईंना खरं तर मेणाची मूळ मुलगीच हवी होती, देगा जिवंत असताना मागितलीही होती. मिळाली नाही.

मेणाच्या मूळ आकृत्या वितळून गेल्या असाच सगळ्यांचा समज होता. १९५५ मध्ये न्यूयॉर्कला त्या पुन्हा प्रकटल्या. पालाझोलोने जपून साचे घेतले म्हणूनच त्या शिल्लक राहिल्या.

ओतारीबुवा

एक भर. ब्राँझ गार होताना आक्रसतं, शेकडा दीडदोन. त्यामुळे मूळ मेणापेक्षा ब्राँझ किंचित लहान. आणि ब्राँझवरूनच पुढचा साचा घेतला तर ते अजून लहान. एब्रारने आधी एक एक मूळ ब्राँझ करून ठेवलं होतं आणि पुढच्या प्रती त्यावरून काढल्या. तो जवळजवळ अख्खा संच आता कॅलिफोर्नियात नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. कॅलिपर लावला की कोण आई आणि कोण लेक ते कळतं. कागदपत्र खोटं बोलेल, धातू आक्रसायचं थांबत नाही.

घुंगरू_चाळ

मी कथक शिकवते, बॅले नाही, पण उभं राहण्याबद्दल थोडं बोलू का?

ही नाचत नाहीये. बॅलेत ज्याला चौथी स्थिती म्हणतात तिच्या जवळचं उभं राहणं आहे, पण सैल. सगळा भार मागच्या डाव्या पायावर. माझ्या वर्गात पंचवीस मुली असतात. पाच जणी तोडा करत असतात, बाकीच्या भिंतीकडेला आपली पाळी येण्याची वाट बघत असतात. अगदी अशाच. बसायची परवानगी नाही, नाचायचंही नाही. मग शरीर आपोआप पाठ मोकळी करायला लागतं.

एक करून बघा. हात मागे न्या, बोटं गुंफा, कोपर सरळ करा आणि खाली ओढा. छाती उघडते, खांदे मागे जातात आणि हनुवटी आपोआप वर येते. डोळे अर्धे मिटतात, कारण मानेला बरं वाटतं. समोरून बघणाऱ्याला वाटतं काय भाव खातेय! ती फक्त पाठ ताणून घेतेय.

आईंनी दमलीय म्हटलं ते बरोबर. तासाभराने येणारं दमणं नव्हे, रोज येणाऱ्याचं.

सतरंजी

ऑफिसात खुर्चीतून उठून करून बघितलं. हनुवटी खरंच वर आली. साहेबांनी विचारलं, काय झालं.

जेजेचा_जुना

घुंगरूताई, सुंदर निरीक्षण. पण मी इथे थोडा खडा टाकणार आहे, कारण सगळा दोष मांत्झच्या डोळ्यांवर ढकलून देगाला मोकळं सोडणं मला जमत नाही.

त्याच १८८१ च्या प्रदर्शनात देगाने आणखी काय टांगलं होतं? गुन्हेगारांचे चेहरे. खुनाच्या खटल्यातल्या तरुण पोरांची पेस्टलमधली व्यक्तिचित्रं. तो काळच असा होता की कपाळ बसकं, जबडा पुढे, तर माणूस जन्मजात गुन्हेगार, असं शास्त्राच्या नावाने शिकवलं जाई. अभ्यासकांचं म्हणणं असं की मारीची रेखाचित्रं आणि मेणातला चेहरा यांत फरक आहे. कागदावर ती साधी, जरा किडकिडीत पोर दिसते. मेणात कपाळ मागे गेलंय, खालचा भाग पुढे आलाय. म्हणजे लोकांना 'वाईट चालीची' मुलगी दिसली ती काही अंशी त्याने दाखवली म्हणूनच.

पण गळ्याखाली तो असं करू शकला नाही. मला तरी हेच या शिल्पाचं मर्म वाटतं. चेहऱ्यावर त्या काळाचं खोटं शास्त्र, आणि खांद्यांत, कोपरांत, गुडघ्यांत मात्र वर्षानुवर्षं नर्तिका बघितलेल्या माणसाची नजर. आई शिवणकाम करतात, त्यांची नजर आधी अंगावर गेली, चेहऱ्यावर नंतर. मापं घेणाऱ्याची नजर तशीच जाते. आम्हा शिकलेल्यांचं उलट होतं.

शेवग्याची_शेंग

जेजेकाका, मग हिला इम्प्रेशनिस्ट तरी का म्हणायचं? इम्प्रेशनिस्ट म्हणजे उजेड, पाणी, धुकं, ब्रशचे फटकारे ना?

जेजेचा_जुना

देगालाही तो शब्द आवडत नसे. प्रदर्शनं त्यांच्याबरोबर भरवली, बिल्ला लावायला मात्र नाखूश. मारीमध्ये फटकारे जवळजवळ नाहीतच. ते बघायचे तर त्याच्या पुढच्या लहान आकृत्या बघा, उजव्या पायाचा तळवा बघणारी नर्तिका किंवा टबात लोळणारी बाई. तिथे बोटांचे ठसे, मेणाचे गोळे तसेच सोडलेत आणि ब्राँझमध्ये तेही जसेच्या तसे उतरलेत. दृष्टी क्षीण होत गेली तसा तो बोटांनी बघायला लागला.

शिल्पातला खरा इम्प्रेशनिस्ट कोण असं विचाराल तर मी मेदार्दो रोस्सोचं नाव घेईन. इटालियन, १८५८ ते १९२८. प्लास्टरवर मेण, आणि चेहरा असा की उजेडात विरघळतोय. त्याची म्हातारी दरवानीण बघा. एका बाजूने बाई दिसते, दोन पावलं सरकलात तर नुसता मेणाचा ढेकूळ. त्याला तेच हवं होतं.

आणि उलट टोकाला रेन्वारची 'व्हीनस'. भरघोस, गोलमटोल, देवीच. पण संधिवाताने रेन्वारची बोटं वाकलेली, त्यामुळे माती लावली रिशार गिनो नावाच्या तरुण कॅटलन शिल्पकाराने, म्हातारा शेजारी बसून सांगत असे. अर्धशतकाने, १९७३ मध्ये फ्रेंच न्यायालयाने गिनोला सहकर्ता मानलं. तोवर नाव एकाचंच.

तिरकस

काका, आपलं काही? की सगळं पॅरिसलाच घडलं?

जेजेचा_जुना

तिरकस, तू डिवचणार हे माहीत होतं. गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी'. १८९६ च्या सुमाराची, म्हणजे मारीनंतर पंधरा वर्षांनी. प्लास्टरची, मुंबईच्या जेजे कलाशाळेत आहे. पूजेला निघालेली मराठी तरुणी. म्हात्रे तेव्हा जेमतेम विशीचे. बॉम्बे आर्ट सोसायटीचं पदक मिळालं, गाजावाजा झाला.

दोघींना शेजारी उभं करून बघ मनातल्या मनात. म्हात्र्यांनी नऊवारीची प्रत्येक चुणी प्लास्टरमध्ये घडवली. देगाने कापडच नेसवलं. एकीची नजर खाली, एकीची हनुवटी वर. एक देवळाकडे निघालीय, दुसरी कुठेच निघालेली नाही, पाळीची वाट बघतेय. विद्यार्थी असताना मी मंदिरपथगामिनीचे पंचवीस तरी कच्चे अभ्यास केले असतील आणि कधी मनात आलं नाही की त्या मॉडेलचं नाव काय असेल. मारीचं नाव निदान एका रेखाचित्रावर लिहिलेलं राहिलं.

मोहेंजोदडोची नर्तकी कुणीतरी आणणारच म्हणून मीच आणतो. साडेदहा सेंटिमीटरची, १९२६ ला सापडली, दिल्लीत आहे. मेण गाळूनच ओतलेली, हनुवटी तिचीही वर. 'नर्तकी' हे नाव आपण ठेवलंय. ती नाचत होती असं कुणी सांगितलं?

घुंगरू_चाळ

काका, तीही पाठ मोकळी करत असणार. मी शपथेवर सांगते.

पोटोमॅक_काठी

अवांतर: मेणाच्या मारीवर एप्रिल २०२३ मध्ये संकट आलं होतं. हवामानबदलाच्या आंदोलकांनी तिच्या पेटीला आणि बैठकीला लाल-काळा रंग फासला. पेटीमुळे मूर्ती वाचली, तरी तपासणीसाठी तिला काही काळ आत न्यावं लागलं. १८८१ मध्ये पेटीवरून लोक चिडले होते, ती पेटीच कामाला आली.

ओतारीबुवा

मेण आहे हो ते. उन्हात ठेवलं तरी आमचा जीव वरखाली होतो. एकशेचाळीस वर्षं उभं आहे म्हणजे आतले ब्रश भक्कम होते.

रानजाई

सगळ्यांचे आभार. धागा इतका लांबेल असं वाटलं नव्हतं. आईला रोज संध्याकाळी चहाबरोबर वाचून दाखवते. 'वडील शिंपी' ऐकल्यावर गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग पोलकं बापानेच शिवलं असेल का?"

माझ्याकडे उत्तर नाही.

काल आम्ही पुन्हा गेलो. या वेळी तिने बाक सोडला आणि सरळ मागच्या बाजूला गेली. हात बघितले, वेणी बघितली. घागऱ्याचा पट्टा कमरेला कसा बसवलाय ते बघायचा फार प्रयत्न केला. मग तिथेच, लोकांसमोर, हात मागे नेऊन बोटं गुंफली आणि कोपर सरळ केले. गुडघ्यावर बाम चोळणारी माझी आई, सत्तरीची, साडीवर स्वेटर घातलेली, हनुवटी वर करून! मी फोटो काढायला गेले तर रागावली. "घुंगरूबाईंना सांग, बरोबर आहे म्हणावं."

आता तिला मेणाची बघायची आहे. पोटोमॅक_काठी, न्यू जर्सीहून बसने चार-साडेचार तास धरले तर एका दिवसात जमेल का? आणि भोवती फिरता येतं ना? नुसतं समोरून बघून ती परत यायची नाही.

पोटोमॅक_काठी

चारी बाजूंनी फिरता येतं. निघायच्या आधी संकेतस्थळावर ती दालनात आहे ना ते बघून घ्या. आणि एका दिवसाचं डोक्यातून काढा. गुडघे त्यांचे आहेत, तुमचे नाहीत. मुक्कामाला आमच्याकडे या. बायको विचारतेय, आईंना साबुदाणा खिचडी चालते का.

रानजाई

चालते. दाणे भाजून आणते म्हणाली, इथल्या दाण्यांवर तिचा विश्वास नाही.